दोन किलो नऊशे

चुलीचा उजवा कोपरा रोज थोडाथोडा झिजत होता आणि सासूबाईंचा संशय घुशीवर होता.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या जवळ, कालव्याच्या कडेला. घरात गॅस आहे, पण भाकरी सगळ्यांना चुलीवरचीच लागते. म्हणून मागच्या छपरात मातीची चूल अजून आहे. सासूबाई दर आठ दिवसांनी ती पोतेरं घेऊन सारवतात. त्या साली पावसाळा सरता सरता त्या सारवायला बसल्या की कोपरा चाचपून म्हणायच्या, "घूस लागली वाटतं. पण बीळ कुठं दिसंना."

घूस नव्हतीच. एका दुपारी मी गावातून फिरून लवकर घरी आले, तर माझी धाकटी जाऊ चुलीपाशी उकिडवी बसलेली. तिनं नखानं मातीचा तुकडा काढला, त्यावर फुंकर मारली आणि खडीसाखर टाकावी तसा तोंडात टाकला. मला बघितल्यावर तो गिळावा की थुंकावा, हेच तिला कळेना.

"ताई, मामीला सांगू नका," ती म्हणाली. आम्ही दोघी सासूबाईंना मामी म्हणतो. "ओल्या मातीचा वासच असा येतो ना, राहवतच न्हाई."

"कवापासून खाऊन राहिली?"

"दोन महिने झाले असतील."

तिला तेव्हा चौथा महिना चालू होता.

इथं मला माझं काम सांगायला हवं. मी आमच्या गावची आशाताई. गावात कुणाला दिवस गेले की नाव नोंदवायचं, तपासणीला न्यायचं, गोळ्या पोचवायच्या, बाळ झालं की घरी जाऊन झोळीच्या काट्यावर त्याचं वजन करायचं. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात तेव्हा बहुतेक वेळा अंगात रक्त कमी असतं, हे मी गल्लोगल्ली बायकांना सांगत फिरत होते. आणि माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर, दोन महिने चूल खाल्ली जात होती.

गावात माझं ऐकतात. घरात मी थोरली सून. थोरल्या सुनेनं सांगितलेलं घरात कुणी लिहून घेत नाही.

मला या गोष्टीची धास्ती वाटायला आणखी एक कारण होतं. माझी स्वतःची मुलगी जन्मली तेव्हा एकोणीसशे ग्रॅमची होती. मी तेव्हा आशा नव्हते, मला काही माहीत नव्हतं. नवव्या महिन्यापर्यंत मी चहा आणि अर्ध्या भाकरीवर दिवस काढायचे आणि आपण फार काटक आहोत अशी माझी समजूत होती. मग महिनाभर मी आणि तिच्या वडिलांनी आळीपाळीनं तिला उघड्या छातीशी बांधून ठेवलं. मिशा ठेवलेला, ट्रॅक्टर चालवणारा माझा नवरा अंगात शर्ट न घालता, लुगड्याच्या पट्टीनं पोरगी छातीला बांधून खुर्चीत बसलेला असायचा आणि शिंक आली तरी दाबून धरायचा. ती आता सातवीत आहे, कबड्डी खेळते आणि घरात सगळ्यात जास्त आवाज तिचाच असतो. पण तो महिना मी विसरलेले नाही.

धाकटी जाऊ एकवीस वर्षांची, अंगानं बारीक, बोलायला मोठी गोड. तिचं माहेर कनेरगाव नाक्याचं. वडील आणि भाऊ तिथं रस्त्यावर धाबा चालवतात. आई ती लहान असतानाच गेली. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं, हे सासूबाईंनी स्वतःहून ठरवलं होतं. "आईविना पोरीला धाब्यावर कोण बघंल? मी करते सगळं," असं त्यांनी तिच्या वडिलांना फोनवर सांगितलं होतं.

आणि त्या खरंच सगळं करत होत्या. जड हंडा उचलू देत नव्हत्या, संध्याकाळी दृष्ट काढत होत्या. फक्त खायला देत नव्हत्या. म्हणजे द्यायच्या, पण मोजून. दुसरी भाकरी तिनं हातात घेतली की त्यांचा हात पुढं यायचा. "अर्धी ठेव. पोटात अन्न जास्त झालं की लेकरू वाढतं, अन् लेकरू वाढलं की अडतं." मी आणलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या त्यांनी देवाच्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या डब्यामागं ठेवून दिल्या होत्या, कारण त्या गरम पडतात. जावेला त्या खाल्ल्यावर मळमळायचं, त्यामुळे तिनंही कधी मागितल्या नाहीत.

मी दोन-तीनदा बोलून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझी ती कागदातली माहिती गावात सांग. मी चार बाळंतपणं केलेत."

मग मी एक युक्ती केली. महिन्यातून एकदा अंगणवाडीत तपासणीचा दिवस असतो. उपकेंद्राच्या सिस्टर येतात, गरोदर बायांची तपासणी होते. मी घरी येऊन सांगितलं, "मामी, सिस्टरनी निरोप दिलाय. घरातलं मोठं माणूस संगं पाहिजे." निरोप बिरोप काही नव्हता. पण मोठं माणूस म्हटल्यावर सासूबाईंनी पेटीतून इरकल लुगडं काढलं.

अंगणवाडीत सिस्टरनी जावेचं वजन केलं, बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं. छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा आला, आठ पॉइंट एक. सिस्टरनी आधी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आशाताई, तुमच्याच घरात?"

मला वाटलं, खालची फरशी उचलून तिच्याखाली जाऊन बसावं. आजूबाजूला ज्या बायकांना मी वर्षानुवर्षं पालेभाजीचं सांगत होते, त्या सगळ्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

सिस्टर सासूबाईंकडे वळल्या. "मावशी, हिच्या अंगात रक्त कमी आहे. वजनही दोन महिन्यांत वाढलेलं नाही. हिलाच काही मिळालं नाही तर पोटातल्या बाळाला कुठून मिळणार? बाळ बारीक होईल, अशक्त होईल."

सासूबाई ताठ बसल्या. "बाई, तुमच्या मशीनला काय कळतंय? मी चार लेकरं पोटात वागवली, आठव्या-नवव्या महिन्यात हळदीच्या रानात काम केलं. आमी काय खात होतो? दिवसभर एक भाकर. आजबी तेवढीच खाते. माझ्यात किती रक्त हाय ते दाखवू का तुमाला?" आणि त्यांनी बोट पुढं केलं. "टोचा."

सिस्टर हसल्या आणि त्यांनी टोचलं. सगळ्या बायका पुढं सरकल्या. यंत्रानं जरा वेळ घेतला.

सात पॉइंट सहा.

माझ्या जावेनं खालच्या मानेनं माझ्याकडे बघितलं. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

"मशीन बिघडलंय," सासूबाई म्हणाल्या.

"बरं, आशाताईंचं बघू," सिस्टर म्हणाल्या. मला टोचलं. माझं नऊ पॉइंट चार. गावाला रक्त वाढवायला सांगणारी मी, आणि माझंच कमी. सिस्टरनी शेवटी स्वतःचं बोट टोचून दाखवलं. बारा पॉइंट दोन.

"मशीन बराबर आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, तुमच्या घरात जेवायला कोण कधी बसतं?"

सासूबाईंना या प्रश्नाचं उत्तर एवढं सोपं वाटलं की त्यांनी ते लगेच दिलं. "आधी बाप्ये, मग लेकरं, मग सुना. मी सगळ्यात मागून. भाजी उरली तर भाजी, न्हाईतर तिखट-मीठ."

"आणि दम लागतो का? चालताना, पाणी आणताना?"

"ते तर वयाचं हाय."

"वय किती?"

"बावन्न-त्रेपन्न असंल."

सिस्टर म्हणाल्या, "माझी आई तुमच्याच वयाची आहे. ती आता टेकडी चढून देवीला जाऊन येते." आणि त्यांनी सासूबाईंना आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे दाखवायला चिठ्ठी लिहून दिली. वहीत माझंही नाव लिहिलं.

घरी येताना सासूबाई पुढं चालत होत्या. देवळापाशी त्या थांबल्या, कट्ट्याला हात टेकून दम घेतला, आणि आम्ही बघतोय हे लक्षात येताच तशाच पुढं निघाल्या.

त्या संध्याकाळी मी घरात तोंड उघडलं. सगळे जेवायला बसायच्या आधी सांगून टाकलं, आकड्यांसकट. माझा नवरा आणि दीर एकमेकांकडे बघायला लागले. सासरे तसे मोजकंच बोलणारे. त्यांनी ताट पुढं ओढलं, पण हात लावला नाही.

"तू बस," ते सासूबाईंना म्हणाले.

"मी? अन् भाकरी कोण भाजंल?"

"भाजून घे सगळ्या. मग बसू."

"गार होतील."

"होऊ दे."

सासूबाईंना हे पटलं नाही. लोक काय म्हणतील, बाप्यांच्या पंगतीत बायका बसल्या तर, असं त्या पुटपुटत होत्या. सासरे नुसते ताटासमोर बसून राहिले. भाजीवरची वाफ विरली. शेवटी सासूबाईंनी उरलेल्या भाकऱ्या भराभर थापल्या, टोपल्यात फडक्यात गुंडाळल्या आणि भिंतीशी, जरा लांब का होईना, बसल्या. आम्ही दोघीही बसलो. वरण पहिल्यांदाच सगळ्यांच्या वाटीत सारखं आलं. म्हणजे सगळ्यांना जरा कमी आलं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून डाळ जास्त शिजायला लागली.

तिसऱ्या दिवशी दिरानं कुरकुर केली, "भाकर पार गार झाली राव."

सासूबाई घास चावता चावता म्हणाल्या, "लगीन झाल्यापून मी गारच खाल्ली. तुला काय झालंय?"

पण जावेची अर्धी भाकरी काढून घेणं मात्र थांबलं नव्हतं. तिथं त्यांचा हात अजून पुढं यायचा. स्वतः जेवायला लागल्या, गोळ्याही घ्यायला लागल्या, पण तिला पोटभर खाऊ देताना त्यांचा जीव घाबरायचा. याचं कारण मला दिवाळीनंतर एका दुपारी कळलं.

मी आणि सासूबाई अंगणात अंबाडीचा पाला खुडत बसलो होतो. जाऊ आत झोपलेली. सासूबाई आपण होऊन बोलायला लागल्या.

"माझी मोठी बहीण अडली होती. दोन दिवस. बैलगाडीत घालून नेली, रस्त्यातच गेली. लेकरू मोठं होतं म्हणाले. तवापून माझ्या सासूनं धसका घेतला. मला सातव्यापून अर्धी भाकर द्यायची. वाईट नव्हती ती. मला जगवायचं म्हणून द्यायची."

"मग?" मी विचारलं.

"मग पहिली पोरगी झाली. एवढी." त्यांनी अंबाडीच्या देठांवर हात ठेवून दाखवलं. हात, मनगटापासून बोटांपर्यंत. "रडायलाबी ताकद नव्हती तिला. कापसात ठेवली. दूध ओढता यायचं न्हाई, चमच्यानं घातलं तर बाहेर यायचं. नवव्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, तुझं नशीब. तू वाचलीस न्हवं."

चार बाळंतपणं केली, असं त्या नेहमी सांगायच्या. आम्ही तीनच भावंडं धरायचो, माझा नवरा, दीर आणि नणंद. चौथं कोण, हे मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

त्या मला म्हणाल्या, "त्या सिस्टरनं सांगितलं तवापून माझ्या डोक्यात एकच. ती पोरगी उपाशी होती का? माझ्या पोटात?"

खोटं बोलणं बरोबर वाटत नव्हतं. मी म्हटलं, "मामी, तुमीबी उपाशी होता. तुमाला कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी मान हलवली. मग मी बहिणीचं समजावून सांगितलं. बाळ आडवं असतं, आईचं हाड लहान असतं, अशी अडायची कारणं असतात. आता ते तपासताना आधी कळतं, सोनोग्राफीत दिसतं, आणि वेळ आलीच तर मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. आईला उपाशी ठेवून ते टळत नाही. उलट रक्त कमी असलं की बाळंतपणात आईलाच धोका. हे सगळं मी शेकडो वेळा बोललेले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते मला नीट सांगता आलं असं वाटलं.

सासूबाईंनी पाला टोपलीत भरला. "सोनोग्राफीला मी येते संगं," म्हणाल्या.

त्या आल्या. बाळाचं डोकं, पाय, धडधडणारं काळीज, सगळं डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "सरळ हाय का?" अजून वेळ आहे, फिरत असतं, पण सगळं ठीक दिसतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर सासूबाईंनी जावेला झाडाखाली बसवलं, पिशवीतून डबा काढला आणि दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची भाजी तिच्यासमोर ठेवली. दोन्ही भाकऱ्या खाऊन होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तिथून पुढचे तीन महिने आमच्या घरात जे खाणं चाललं, ते आठवून मला अजून हसू येतं. हिवाळा होता, रानात सगळं होतं. हरभऱ्याचा कोवळा पाला आला की सासूबाई स्वतः ओटीत खुडून आणायच्या. तुरीच्या शेंगा उकडायच्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी व्हायची, जवसाची चटणी, गुळाची पोळी, पेरू, बोरं. धरणावरून मासे आले की पहिला तुकडा जावेच्या ताटात पडायचा. हुरड्याच्या दिवसांत तर रानात गोवऱ्यांच्या आरापाशी जाऊ आणि सासू समोरासमोर बसायच्या आणि मी कणसं भाजून चोळून दमून जायचे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तिच्यापासून लांब ठेवायचा, हे मी सांगितल्यावर सासूबाईंनी दुपारचा चहाच बंद केला. त्यामुळे माझे सासरे शेजाऱ्याकडे चहाला जायला लागले.

मध्येच एकदा सासूबाईंनी मला ओढत गोठ्यामागं नेलं. चेहरा उतरलेला. "कुणाला सांगू नको," त्या कुजबुजल्या, "माझ्या पोटात काहीतरी जळालंय. परसाकडं काळं होऊन राहिलं."

"मामी, ते गोळ्यांनी होतं. लोखंड असतं त्यात. समद्यांना होतं."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "तुलाबी?"

"व्हय, मलाबी."

मग त्यांना एकदम हायसं वाटलं. "आगं माय, मी आठ दिवस झाले मरणाची तयारी करून राहिले."

जावेचा आकडा हळूहळू चढत होता, पण डॉक्टरांना पुरेसा वाटला नाही. सातव्या महिन्यात त्यांनी रक्तवाढीच्या सलाइनी सांगितल्या, दिवसाआड. आरोग्य केंद्रात नेऊन त्या लावल्या. सासूबाई खाटेशेजारी स्टुलावर बसून त्या तपकिरी बाटलीकडे बघत राहायच्या, थेंब मोजल्यासारख्या. पुढच्या तपासणीला दोघींनी बोटं टोचून घेतली. जावेचं दहा पॉइंट पाच, सासूबाईंचं दहा पॉइंट एक.

"हिला सलाइनी दिल्या म्हणून," सासूबाई फुरंगटून म्हणाल्या. "मी नुसत्या गोळ्यांवर आले."

आठवा महिना आला तो नेमका हळदीच्या हंगामात. आमच्या भागात त्या दिवसांत घरात कुणी रिकामं नसतं. हळद काढायची, वाहायची, शिजवायची, वाळत घालायची. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरच्या वाफेनं सगळं रान पिवळ्या वासानं भरून जातं. दीर सकाळी म्हणाला, "हिला जरा कंद मोडायला बसू द्या ना सावलीत. बसूनच तर करायचंय."

सासूबाईंनी डोक्याला फडकं बांधलं. "तिनं दुपारी डाव्या कुशीवर झोपायचं, असं सिस्टरनं सांगितलंय. कंद मी मोडते. तू वहा."

"तुला झेपंल का?" दिरानं विचारलं.

त्यांना झेपलं. संध्याकाळी रानातून परत येताना त्या देवळापाशी थांबल्या नाहीत. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण माझ्याबरोबर चालणाऱ्या माझ्या नवऱ्यानंही ते बघितलं होतं, कारण त्यानं मला कोपरानं ढोसलं.

एप्रिलच्या मध्यात, हळद अंगणात वाळत पडलेली असताना, सकाळी सकाळी जावेच्या कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली. मी, सासूबाई आणि दीर तिच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. मी आजवर किती बायकांना तिथं घेऊन गेले असेन, मला प्रत्येक खोली माहीत आहे. पण त्या दिवशी मला पाण्याचा नळ सापडेना. दीर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. सासूबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, ओठ हलत होते, डोळे दारावर.

दुपारी एकच्या सुमारास आतून रडणं ऐकू आलं. पिपाणी फुंकल्यासारखं, खणखणीत. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

"रडतंय," त्या म्हणाल्या. "कसं रडतंय बघ की."

नर्स बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"वजन?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, जरा थांबा तरी..."

"वजन किती हाय?"

"दोन किलो नऊशे."

सासूबाईंनी ते परत सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणून घेतलं. दोन किलो नऊशे. त्या बाकावर बसल्या आणि पदरानं तोंड झाकून रडल्या. मीही रडले. दीर गोंधळून आम्हाला विचारत होता, "चांगलंच हाय ना ते? चांगलं हाय ना?"

डोळे पुसून झाल्यावर त्यांना फोन हवा होता. त्यांना नंबर लावता येत नाही. मी लावून द्यायचे आणि त्या फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळे पलीकडचं सगळ्या व्हरांड्याला ऐकू यायचं.

"काय झालं?" शेजारीण विचारायची.

"दोन किलो नऊशे!"

"अवं, पोरगं का पोरगी?"

"पोरगी. दोन किलो नऊशे!"

"बरं, पहिली बेटी..." पलीकडून सांत्वनाचा सूर निघायला लागला की त्या मध्येच तोडायच्या. "तुझ्या नातवाचं किती होतं गं?" तिथं पलीकडचा आवाज बारीक व्हायचा. चार घरांना असे फोन झाले. सासऱ्यांना फोन केला तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच परत फोन केला आणि विचारलं, "किती म्हणालीस?"

संध्याकाळी कनेरगाव नाक्याहून जावेचा भाऊ आला. त्यानं बहिणीसाठी प्रेमानं डबा भरून धाब्यावरची झणझणीत शेवभाजी आणली होती. सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तो माझ्या हातात दिला. "हिला न्हाई. बाळंतिणीला वरण-भात." ती शेवभाजी आम्ही सगळ्यांनी व्हरांड्यात बसून पावाबरोबर खाल्ली. सासूबाईंनी तर दोनदा घेतली.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि माझं नोकरीचं काम सुरू झालं. बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, वजन करायचं, अंग तापलंय का, नाळ कोरडी आहे का बघायचं, वहीत लिहायचं. माझ्याच घरी मी झोळी आणि काटा घेऊन दारातून आत आले. बाळाला झोळीत ठेवलं, काटा वर उचलला.

दोन किलो साडेसातशे.

"दीडशे कुठं गेले?" सासूबाईंनी आवाज चढवला.

"मामी, पहिल्या आठवड्यात जरा उतरतं. समद्या लेकरांचं उतरतं. मग चढतं."

"तुझा काटा बिघडलाय. दवाखान्यातला आण."

मी खूप समजावलं. शेवटी त्यांनी गव्हाचं पीठ तराजूवर मोजून, पिशवीत भरून माझ्या काट्याला टांगलं आणि तो बराबर आहे याची खातरजमा केली. तरी पुढच्या आठवड्यापर्यंत त्यांनी दर दोन तासांनी बाळाला अंगावर पाजायला लावलं, आणि जावेला तर श्वास घ्यायला उसंत नाही इतकी खीर, डिंकाचे लाडू, अळीवाची पेज दिली. जाऊ मला एकदा डोळे मिचकावून म्हणाली, "ताई, आता चूलच बरी होती असं वाटतं." चौदाव्या दिवशी काट्यावर तीन किलोला थोडं कमी आलं, तेव्हा घरात शांतता पसरली.

बेचाळिसाव्या दिवशी माझी शेवटची भेट असते. बाळ तोवर गुटगुटीत झालं होतं, मांड्यांना वळ्या पडल्या होत्या, आणि झोळीत घातलं की ते आता हातपाय झाडून काटा हलवायचं, त्यामुळे आकडा वाचायला दोनदा थांबावं लागलं. चार किलोला शंभर ग्रॅम कमी. मी वहीत लिहीत होते तेवढ्यात बाळानं झोळी, माझी साडी आणि वहीचं पान, तिन्ही एकदमच ओलं केलं. जाऊ हसत सुटली. मी पान उन्हात वाळत ठेवलं आणि सामान पिशवीत भरायला लागले.

"मग आता कवा येशील?" सासूबाईंनी विचारलं.

"मामी, मी घरातच असते की."

"तसं न्हाई गं," त्या बाळाला खांद्यावर घेत म्हणाल्या. "काटा घेऊन कवा येशील?"

मी म्हटलं, भेटी संपल्या, आता अंगणवाडीत महिन्याला एकदा वजन होईल. त्यांना ते पटलं नाही. शेवटी दर सोमवारी सकाळी, बाळाच्या अंघोळीनंतर, असं आमचं ठरलं.